उसाच्या ट्रॉलीचा मागचा हुक: रिपोर्टमध्ये सेफ, फडात तडा

मच्छेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगावात आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. सात जण काम करतो, त्यात तीन वेल्डर. शेतीची अवजारं, टाक्यांचे स्टँड आणि गळीत हंगामाच्या आधी उसाच्या ट्रॉल्या, असं वर्षभराचं चक्र.

गेल्या पावसाळ्यात चासिसचं वजन कमी करायचं ठरवलं. अंदाजाने लोखंड काढायला मन धजेना, म्हणून पदरचे पैसे घालून कॉम्प्युटरवर ॲनालिसिस करून घेतलं. चाळीस पानांचा रिपोर्ट आला. जास्तीत जास्त स्ट्रेस (लोखंडावरचा ताण) ११२ मेगापास्कल, मटेरियलचं यील्ड (ज्याच्या पुढे लोखंड कायमचं ताणलं जातं तो आकडा) २५०, म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी २.२. मागच्या हुकाजवळ थोडी पिवळी-नारिंगी छटा, बाकी सगळी ट्रॉली निळीशार. त्या भरवशावर १४ ट्रॉल्या केल्या.

हंगामाच्या दुसऱ्या महिन्यात ३ ट्रॉल्या परत आल्या. तिन्हींना एकाच जागी तडा. मागच्या आडव्या चॅनेलवर हुक बसतो आणि तो चॅनेल दोन्ही बाजूंच्या लांब चॅनेलला २०० मिमीच्या तिरप्या गसेट पट्टीने जोडलाय. त्या पट्टीचं वेल्डिंग जिथे संपतं, नेमकी तिथून चीर निघून खाली उतरलीय. एक ट्रॉली फडातून बाहेर काढताना हुकासकट चॅनेल उघडला आणि मागची भरलेली ट्रॉली बांधावर टेकून थांबली. शेजारी तोडणीच्या टोळीतल्या बायका मोळ्या बांधत होत्या. कुणाला लागलं नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

उरलेल्या ११ ट्रॉल्या बोलावून जाड पट्ट्या मारून दिल्या आहेत. तडा का गेला हे मात्र अजून कळलेलं नाही, आणि कळल्याशिवाय पुढच्या हंगामाची एकही ट्रॉली बांधणार नाही. ज्यांनी ॲनालिसिस केलं त्यांना दोष द्यायचा म्हणून हा धागा काढलेला नाही. मला फक्त समजून घ्यायचंय. कुणी या कामातलं असेल तर सांगा.

निपाणीकर

भाऊ, माझ्या दोन ट्रॉल्या आहेत, दुसऱ्याकडनं केलेल्या. माझ्या तर चॅनेल जाड हाय, न्हाई तुटला आजवर. लोखंड कमी करायचंच कशाला? डिझेल वाचतंय म्हणता, पण फडात ट्रॉली मोडली की टोळी बसून राहती, ऊस वाळतोय, वजनात मार बसतोय. जाड पट्टी मारलीसा ते बरं केलंसा.

राकसकोप

मच्छेकर दादा, मी विमानाच्या भागांचं स्ट्रेस ॲनालिसिस करते, गेली नऊ वर्षं. ट्रॉलीवर काम केलेलं नाही, पण पद्धत तीच आहे. रिपोर्टमधल्या या गोष्टी बघून सांगा: हुकावर किती लोड लावला आणि कुठल्या दिशेने, चासिस कुठे धरून ठेवली, एलिमेंट (गणितासाठी पाडलेला तुकडा) कुठला, साईझ किती, वेल्डिंग मॉडेलमध्ये दाखवलंय की दोन पट्ट्या नुसत्या चिकटवल्यात, आणि ११२ हा आकडा नेमका कुठल्या जागी आला.

दरम्यान इतरांसाठी थोडं सांगते, कारण रंगीत चित्राबद्दल फार गैरसमज असतात. वाकड्या बांधाच्या शेताचं क्षेत्र काढताना मोजणीदार काय करतो? शेताचे त्रिकोण पाडतो, एकेक त्रिकोण मोजतो आणि बेरीज करतो. फायनाइट एलिमेंटचं मूळ तेच. वेड्यावाकड्या चासिसचं एकसंध गणित कुणालाच सोडवता येत नाही, पण छोट्या त्रिकोणाचं किंवा चौकोनाचं येतं. प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्प्रिंग समजा. इतका दाब दिला की इतका दबणार. शेजारच्या तुकड्यांचे कोपरे एकमेकांना बांधलेले, त्यामुळे एक हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. असे लाखभर तुकडे जोडले की लाखो समीकरणं एकत्र उभी राहतात आणि ती सोडवणं हे कॉम्प्युटरचं काम. कूरांट या गणितज्ञाने १९४३ मध्ये पिळाचा प्रश्न त्रिकोण पाडून सोडवला होता. पुढे विमानांच्या पंखांसाठी बोईंगमधल्या लोकांसोबत क्लफ या इंजिनिअरने १९५६ साली हीच वाट पक्की केली, आणि १९६० मध्ये त्यानेच या पद्धतीला आजचं नाव दिलं.

आता दोन धोके. मोजणीदाराने त्रिकोण मोठे पाडले तर बांधाचा वाक सुटतो, तसंच मेश, म्हणजे या तुकड्यांची जाळी, जाड असेल तर कोपऱ्यातला स्ट्रेस सुटतो. त्यामुळे मेश बारीक करून परत सोडवायचं आणि आकडा स्थिरावतो का ते बघायचं. एकाच मेशवरचा आकडा मी माझ्या साहेबांपुढे ठेवू शकत नाही.

दुसरा धोका याच्या उलटा आहे. आतला कोपरा एकदम धारदार काढला असेल तर मेश जितकी बारीक कराल तितका स्ट्रेस वाढतच जातो, कुठेच थांबत नाही. गणितात तिथे तो अनंतच आहे. अशा जागचा आकडा खराही नसतो आणि खोटाही नसतो, त्याला अर्थच नसतो. तुमची गसेट संपते ती जागा नेमकी अशीच आहे.

चंदगडचा

वाचतोय. त्रिकोणाचं उदाहरण आवडलं. एक शंका, मेगापास्कल म्हणजे किती ते आमच्या भाषेत सांगाल का?

राकसकोप

एका चौरस मिलिमीटरवर साधारण १०० ग्रॅमची ओढ म्हणजे १ मेगापास्कल. ११२ म्हणजे एका चौरस मिलिमीटरला साडेअकरा किलोच्या आसपास लटकलंय असं धरा. साधं स्ट्रक्चरल लोखंड २५ किलोपर्यंत परत मूळ मापावर येतं, पुढे कायमचं ताणलं जातं.

मच्छेकर (धागाकर्ता)

ताई, रिपोर्ट परत उघडून बसलो. हुकावर २० किलोन्यूटन, सरळ मागे. पुढचा टर्नटेबल (पुढची चाकं ज्यावर वळतात तो भाग) आणि मागचा ॲक्सल, दोन्ही जागी चासिस पूर्ण जखडलेली. वर ९ टन ऊस सारखा पसरलेला. एलिमेंट चार टोकांचा टेट्रा (पिरॅमिडसारखा भरीव तुकडा), साईझ १० मिमी. चॅनेलची जाडी ७ मिमीच्या आसपास आहे, म्हणजे जाडीत एकच एलिमेंट. वेल्डिंग दाखवलेलं नाही, सगळं 'बाँडेड'. ११२ आलाय तो हुकाच्या भोकापाशी, जिथे तडा गेला तिथे ७०-७५ आहे.

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली, ती लपवत नाही. हा २० चा आकडा आणि 'सरळ मागे' ही दिशा मीच फोनवर सांगितली होती. मला विचारलं, मागच्या ट्रॉलीची ओढ किती? मी अंदाजाने सांगून टाकलं. पुढे कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

राकसकोप

चार टोकांचा टेट्रा आणि जाडीत एकच. वाकणाऱ्या पत्र्यासाठी हा एलिमेंट फार ताठ वागतो. खरा पत्रा जितका वाकेल तितका तो वाकूच शकत नाही, म्हणून स्ट्रेस कमी दाखवतो. दहा टोकांचा टेट्रा किंवा सरळ शेल एलिमेंट (पत्र्यासारखा सपाट तुकडा) वापरायला हवा होता. पण नुसत्या तेवढ्याने तुमचा तडा समजेल असं मला वाटत नाही. सरळ ओढीत तो कोपरा मुळात फार कामच करत नाही. काहीतरी वेगळा लोड आहे जो मॉडेलला माहीतच नाही.

होनग्याची भट्टी

माझा विषय ओतकाम, म्हणून हुकापुरतं बोलतो. तुमचा हुक एसजी आयर्नचा (तुटण्याआधी थोडं लांबणाऱ्या ओतीव लोखंडाचा) असेल तर ग्रेड बघा. ५००/७ म्हणजे तुटायची ताकद ५०० मेगापास्कल आणि तुटण्याआधी ७ टक्के लांबतो. याला रिपोर्टमधला नेहमीचा फॉन मिझेस स्ट्रेस (सगळ्या दिशांचे ताण मिळून काढलेला एक आकडा) लावला तर चालून जातं. पण कुणी स्वस्तात ग्रे आयर्नचा (साध्या ठिसूळ बिडाचा) हुक दिला असेल तर तो आकडा उपयोगाचा नाही. ग्रे आयर्न दाबाला ताणापेक्षा तीन-चार पट मजबूत असतं आणि न लांबता तुटतं. तिथे फक्त ताणाची बाजू बघायची. आणि कृपा करून असल्या जागी ग्रे आयर्न वापरूच नका.

शिवाय कॉम्प्युटर समजतो की आत सगळं भरीव लोखंड आहे. ओतकामात जाड भाग शेवटी गोठतो. आकारमान भागिले पृष्ठभाग, त्याच्या वर्गाच्या पटीत गोठायला वेळ लागतो, हा ख्वोरिनोव्हचा १९४० चा नियम आजही आमच्या पॅटर्नवाल्यांना पाठ असावा लागतो. हुकाची मान बारीक आणि डोकं जाड असेल, रायझर (गोठताना जादा रस पुरवणारा साठा) चुकीच्या जागी असेल, तर मानेच्या वर पोकळी राहते आणि ती बाहेरून दिसत नाही. आम्ही गोठण्याचं सिम्युलेशन वेगळं करतो ते यासाठीच. तुमचा तडा हुकात नाही म्हणता, तरी एक हुक कापून बघा.

मच्छेकर (धागाकर्ता)

हुक एसजीचेच आहेत, ५००/७, टेस्ट सर्टिफिकेट आहे. परत आलेल्यांपैकी एक उद्या कापतो.

मलप्रभा

मी वेल्डिंग इन्स्पेक्शन करते. फोटो टाका म्हणणार होते, पण वर्णन इतकं नेमकं आहे की गरज नाही. गसेट जिथे संपते तिथल्या वेल्डच्या पायथ्याशी चीर, हा थकव्याचा तडा आहे. एका मोठ्या हिसक्याने गेलेला नाही, लाखो लहान हिसक्यांनी रोज केसभर पुढे सरकलेला. तुटलेला चेहरा बघा. एका भागात गुळगुळीत, शंखाच्या रेषांसारख्या कडा दिसतील आणि उरलेला भाग खरबरीत असेल. गुळगुळीत म्हणजे थकव्याचा, खरबरीत म्हणजे शेवटी एकदम तुटलेला.

इथे फॅक्टर ऑफ सेफ्टी २.२ या आकड्याला काही किंमत नाही, कारण तो यील्डशी तुलना करतो. थकव्यात बघायचं असतं ते स्ट्रेस किती वर-खाली होतो आणि किती वेळा. वेल्ड केलेल्या जोडांसाठी आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेने जोडाच्या आकारानुसार वर्ग ठरवलेत. पृष्ठभागावर उभी फिलेट केलेली, १५० ते ३०० मिमी लांबीची गसेट ६३ च्या वर्गात येते. म्हणजे ६३ मेगापास्कलचा चढउतार २० लाख वेळा सोसेल, तोही शंभरातले साधारण ९७ जोड टिकतील या हिशेबाने. चढउतार वाढला की आयुष्य घनाच्या पटीत घटतं. दुप्पट स्ट्रेस, आयुष्य आठवा हिस्सा. त्या जागी चढउतार ११२ धरला तर साडेतीन लाख फेरे मिळतात, १८० झाला तर ८६ हजारच. खड्ड्यांच्या रस्त्यावर, सरींतून, फडातून कारखान्यापर्यंत दिवसाला किती हिसके बसतात ते तुम्हीच मोजा.

अजून एक, कारण पुढचा सल्ला तुम्हाला हाच मिळणार आहे: 'जास्त ताकदीचं लोखंड वापरा.' वेल्डच्या थकव्यात त्याने काही फरक पडत नाही. वेल्डच्या पायथ्याशी बारीक अंडरकट (वेल्डच्या कडेला पडलेली खाच) आणि मळीचे कण असतातच, म्हणजे चिरेची सुरुवात आधीच झालेली असते. यील्ड २५० चं असो की ४५० चं, चीर त्याच वेगाने सरकते. उपाय आकारात आहे. गसेटचं टोक निमुळतं करा, ते कोपऱ्यापासून लांब न्या, वेल्ड टोकाला वळसा घालून संपवा आणि पायथा ग्राइंडरने गुळगुळीत करा. ग्राइंडिंगच्या रेषा ओढीच्या दिशेने ठेवा, आडव्या पडल्या तर त्याच नव्या चिरा होतात.

निपाणीकर

मलप्रभा ताईंचं वाचून मी आज ट्रॉल्या खालून बघून आलो, टॉर्च घेऊन. माझ्याही एका ट्रॉलीला त्याच जागी बोटभर चीर हाय. रंग आणि गंज, त्यामुळं दिसतच नव्हती. वर लिहिलेलं 'न्हाई तुटला' ते मागं घेतो. ज्यांच्याकडं ट्रॉल्या आहेत त्यांनी आजच खाली वाकून बघा.

आता फडातलं सांगतो. तुमच्या रिपोर्टमध्ये हुकाला सरळ मागं ओढलंय म्हणता. रस्त्यावर सरळ असतंय. पण फडातनं निघताना सरळ कुठलं आलं? ट्रॅक्टर वाटेवर चढतोय, पहिली ट्रॉली बांधावर वाकडी, दुसरी अजून सरीत रुतलेली. ट्रॅक्टर कडनं वळवून मारतोय, म्हणजे दुसरी ट्रॉली हुकाला तिरकी ओढती. कधीकधी इतकी तिरकी की दांडी पहिल्या ट्रॉलीच्या चॅनेलला घासती. माझ्या ट्रॉलीवर घासल्याची खूण हाय. त्याच वेळी पहिल्या ट्रॉलीचं एक चाक बांधावर, बाकीची खाली. अख्खी ट्रॉली पिरगळल्यागत होती. आमचा ड्रायव्हर म्हणतोय, 'मालक, ट्रॉली कण्हूलाली बघा.' रोज चार खेपा, म्हणजे चारदा तरी हे होतंय. आणि हुकाचं भोक झिजून लांबोळकं झालं की सुटताना-धरताना धाडधाड हिसके.

राकसकोप

निपाणीकर काका, हेच हवं होतं. मी तीन दिवस एलिमेंटबद्दल लिहीत होते.

हिशेब मांडते. तोच २० किलोन्यूटन, पण ५० अंशांच्या कोनात. बाजूला ओढणारा भाग १५.३ किलोन्यूटन, मागे ओढणारा १२.९. मच्छेकर दादा, तुमच्या हुकाचं भोक चॅनेलपासून किती मागे आहे? ३०० मिमी धरलं तर बाजूच्या ओढीने चॅनेलवर ४.६ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट (वाकवणारा जोर) येतो. सरळ ओढीत हा मोमेंट शून्य आहे! म्हणजे रिपोर्टने जो प्रश्न सोडवला त्यात तुमच्या कोपऱ्याला फारसं कामच नव्हतं. हा मोमेंट आडव्या चॅनेलला आडव्या पातळीत वाकवतो, आणि त्याची दोन्ही टोकं धरून ठेवायची जबाबदारी त्या दोन गसेटांवर.

त्यात पिरगळणं. चासिस टर्नटेबल आणि ॲक्सलला जखडली की मॉडेलमध्ये ती पिळतच नाही. खरी ट्रॉली एका चाकावर उचलली जाते. सी चॅनेल पिळाला किती कमकुवत असतो याचा अंदाज घ्या: १०० बाय १०० मिमीची, ५ मिमी जाडीची बंद चौकोनी नळी आणि तीच नळी लांबीला एक चीर मारून उघडी केलेली. वजन तेच, लोखंड तेच. पिळाचा ताठपणा बंद नळीत सुमारे २७० पट. तुमचा मागचा आडवा सदस्य उघडा चॅनेल आहे, म्हणजे तो पिळायला मोकळा, आणि त्याच्या पिळाची सगळी किंमत कोपऱ्यातल्या वेल्डला मोजावी लागते.

मच्छेकर (धागाकर्ता)

मोजलं. ३१० मिमी. हुक कापला, आत भरीव आहे, पोकळी नाही. तुटलेल्या चॅनेलचा चेहरा रॉकेलने पुसून भिंगातून बघितला. दोन तृतीयांश भाग गुळगुळीत आणि त्यावर रेषा, मलप्रभा ताई म्हणाल्या तशाच. आमच्या वेल्डरांना बोलावून दाखवलं. एक जण कानडीत म्हणाला की हे झाडाच्या वलयांसारखं दिसतंय. मग हंगामात ट्रॉली कशी वाढत्या चिरेने चालली ते त्याला मला वेगळं सांगावं लागलं नाही.

विद्यार्थी_खानापूर

सर, मी व्हीटीयूच्या कॉलेजात मेकॅनिकलला आहे. फायनाइट एलिमेंटचा पेपर सुटलाय पण हातात काही आलेलं नाही. दोन बारचा मॅट्रिक्स सोडवतो तेवढंच. घरी लॅपटॉपवर फुकट काही शिकता येईल का? आणि हा हुक मी करून बघितला तर चालेल का?

राकसकोप

करच. कॅल्क्युलिक्स हा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) मोफत आणि खुला आहे, विमानाची इंजिनं बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीतल्या दोन इंजिनिअरांनी लिहिलेला. विंडोजवर प्रीपोमॅक्स घे, त्यात कॅल्क्युलिक्सच चालतो आणि मेशही होते. आकार काढायला फ्रीकॅड.

पण हुकाला हात लावण्याआधी एक दांडा सोडव. ५० बाय ५० मिमीचा भरीव लोखंडी दांडा, ५०० मिमी लांब, एक टोक भिंतीत, दुसऱ्या टोकावर २००० न्यूटन. आधी कागदावर. टोक ०.७६ मिमी खाली यायला हवं आणि भिंतीपाशी स्ट्रेस ४८ मेगापास्कल. मग चार टोकांच्या टेट्राने, जाडीत एकच एलिमेंट घेऊन कर. दांडा किती कमी वाकतो ते स्वतः बघ. मग दहा टोकांच्या टेट्राने कर. त्या अर्ध्या तासात जे कळेल ते मी सांगून कळणार नाही.

युनिटचा सापळा लक्षात ठेव. कॅल्क्युलिक्सला युनिट माहीत नसतात. मापं मिमीमध्ये आणि बल न्यूटनमध्ये दिलंस तर वस्तुमान टनात द्यावं लागतं, म्हणजे लोखंडाची घनता ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात. ७८५० लिहिलंस तरी तो मुकाट्याने उत्तर देईल. प्रत्येक वेळी आधारांवरच्या प्रतिक्रिया बलांची बेरीज कर आणि लावलेल्या लोडशी ताडून बघ. जुळलं नाही तर रंग बघूच नकोस.

चंदगडचा

हे मोठ्या कामांतही होतं का? की छोट्या शेडवाल्यांचंच असं होतं?

राकसकोप

नॉर्वेत स्लाइपनर ए नावाचा समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म बांधत होते. त्याचा काँक्रीटचा पाया म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या प्रचंड कोठ्या. २३ ऑगस्ट १९९१ ला स्टाव्हांगरजवळच्या खाडीत तो हळूहळू पाण्यात उतरवत असताना कोठ्यांमधली एक भिंत फुटली आणि अख्खा पाया तळाशी जाऊन चुराडा झाला. तीन रिश्टरचा भूकंप नोंदला गेला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. चौकशीत निघालं की तीन कोठ्या मिळतात त्या कोपऱ्यातली मेश ओबडधोबड होती आणि तिथला कातरी बलाचा ताण ४७ टक्के कमी आला होता. त्या हिशेबाने भिंतीत लोखंड कमी पडलं. नंतर नीट मेश करून बघितलं तेव्हा गणिताने सांगितलं की ६२ मीटर खोलीवर ती फुटेल. प्रत्यक्षात ६५ मीटरवर फुटली.

तो शेवटचा आकडा मला दरवेळी थांबवतो. पद्धत चुकीची नव्हती, ६२ आणि ६५ इतकं जवळ ती सांगू शकत होती. ज्या कोपऱ्यात बघायला हवं होतं तिथे कुणी थांबून बघितलं नव्हतं.

मच्छेकर (धागाकर्ता)

सात आठवडे झाले, धागा वर आणतोय कारण सांगण्यासारखं झालंय.

विद्यार्थी_खानापूर सुट्टीत रोज शेडवर यायचा. आधी दांडा सोडवला, मग चासिस, शेल एलिमेंटने. तिरकी ओढ, एक मागचं चाक १५० मिमी वर. पुढचा आधार टर्नटेबलसारखा सुटा ठेवला. राकसकोप ताईंनी दोनदा फाईल बघून दिली. एकदा प्रतिक्रिया बलं जुळत नव्हती, उसाचं वजन दोनदा मोजलं गेलं होतं.

मग एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून स्ट्रेन गेज आणि वाचायचं यंत्र मिळालं. पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान पट्टी असते ती. रंग खरवडून, स्पिरिटने पुसून, गसेटच्या टोकापासून थोडी अलीकडे चिकटवायची. लोखंड ताणलं की तिचा विद्युतरोध बदलतो. लांबीच्या दहा लाखाव्या हिश्शाइतकं ताणणं म्हणजे एक मायक्रोस्ट्रेन, आणि हजार मायक्रोस्ट्रेन म्हणजे लोखंडात २१० मेगापास्कल. निपाणीकर काकांनी दोन भरलेल्या ट्रॉल्या आणि त्यांचा तोच ड्रायव्हर दिला, आणि फड त्यांच्याच भावकीतला.

जुन्या पद्धतीच्या ट्रॉलीवर: सरळ रस्त्यावर १९० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे ४० मेगापास्कल. मॉडेलमध्ये ३७. फडातून वळसा घेऊन, चाक बांधावर असताना ९१०, म्हणजे १९१. मॉडेलमध्ये १६८. यंत्रावर तो आकडा चढताना आम्ही सगळे गप्प उभे होतो. तीन महिने ज्याच्यामागे होतो ते डोळ्यांसमोर होतं.

आता बदल. मागचा आडवा सदस्य बंद नळीचा. गसेट निमुळती, टोक कोपऱ्यापासून लांब, वेल्ड वळसा घालून, पायथा घासून. हुक पुढे ओढून भोक १२० मिमीवर आणलं, म्हणजे तोच १५.३ किलोन्यूटन आता १.८ चाच मोमेंट देतो. दुसऱ्या ट्रॉलीची दांडी घासू नये म्हणून चॅनेलच्या कडा तिरप्या कापल्या. त्याच फडात, त्याच वळणावर, तोच ड्रायव्हर: ३८० मायक्रोस्ट्रेन, ८० मेगापास्कल. मलप्रभा ताईंच्या घनाच्या हिशेबाने आयुष्य तेरा पटींहून जास्त. वजन जुन्या जाड ट्रॉलीपेक्षा ६४ किलो कमी, म्हणजे पावसाळ्यात जे करायला निघालो होतो तेही थोडं साधलं.

ज्यांनी पहिलं ॲनालिसिस केलं त्यांना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि यापुढे लोड विचारताना ट्रॉली चालताना बघायला येऊ म्हणाले. मला ते बरं वाटलं.

मलप्रभा

घासलेला पायथा रंगवण्याआधी डीपी टेस्ट (बारीक चिरा रंगाने दाखवणारी) करा. लाल स्प्रे, पुसणं, पांढरा स्प्रे. प्रत्येक ट्रॉलीला, नमुन्याला एक घेऊन नाही.

मच्छेकर (धागाकर्ता)

सुरू केलंय. वेल्डर स्वतःच करतात आणि आपल्या जोडावर खडूने तारीख लिहितात.

निपाणीकर

माझी चीर गेलेली ट्रॉली रविवारी आणतो. चॅनेल काढून नळी बसवायला किती दिस लागतील? आणि त्या पोराला म्हणावं, ऊस उतरवताना कारखान्याच्या यार्डात ट्रॉली एका बाजूनं साखळीनं उचलत्यात, ते पण एकदा मोजूया.

विद्यार्थी_खानापूर

येतो काका. साखळी कुठे अडकवतात त्याचं माप घेऊन ठेवा, दोन्ही बाजूंचं.